सावुरचा डॉक्टर आणि डीएनएची डागडुजी



भर उन्हातून तासभर चालून आलेल्या माणसाच्या कातडीचं नेमकं काय झालेलं असतं? आपण म्हणतो, रापला. आरशात तेवढंच दिसतं. पण त्या कातडीच्या एकेका पेशीत डीएनए नावाचा जो लांबच लांब धागा गुंडाळून ठेवलेला असतो, त्याला त्या तासाभरात हजारो ठिकाणी इजा झालेली असते. घरी येऊन आपण माठातलं पाणी पितो, पंख्याखाली बसतो आणि ऊन विसरून जातो. तोवर पेशीतली काही प्रथिनं मात्र कामाला लागलेली असतात. दुखावलेली जागा हुडकायची, तेवढा तुकडा कापून काढायचा आणि नवा बसवायचा, हे त्यांचं काम. रात्री आपण झोपतो तेव्हाही ते चालू असतं.

हे काम कसं चालतं, या प्रश्नापायी आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षं घालवलेल्या एका शास्त्रज्ञाबद्दल आज बोलायचं आहे. अझीझ सान्जार हे त्यांचं नाव. इंग्रजी वर्तमानपत्रांतून हे नाव वाचताना आपण 'सँकार' म्हणतो. पण तुर्की भाषेत त्या अक्षराचा उच्चार 'ज' होतो, म्हणून सान्जार. २०१५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक त्यांना टोमास लिंडाल आणि पॉल मॉड्रिच यांच्यासमवेत मिळालं. विज्ञानाचं नोबेल मिळवणारे ते पहिले तुर्की. त्याआधी २००६ साली ओऱ्हान पामुक यांना साहित्याचं मिळालं होतं.

तुर्कस्तानच्या आग्नेय भागात मार्दिन नावाचा प्रांत आहे. तिथल्या सावुर या लहानशा गावात १९४६ साली सान्जार यांचा जन्म झाला. आठ भावंडांतले ते सातवे. आईवडील दोघंही निरक्षर. पण मुलांनी शिकलंच पाहिजे याबद्दल दोघांचंही एकमत होतं. आपल्याकडे अशी घरं पुष्कळ होती, त्यामुळे मला याचं आश्चर्य वाटत नाही, आपलेपणा मात्र वाटतो. मुलगा हुशार होता आणि फुटबॉलमध्ये चांगला गोलरक्षकही होता. गोलरक्षण मागे पडलं आणि इस्तंबूलच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्याचा प्रवेश झाला. १९६९ साली तो वर्गात पहिला येऊन डॉक्टर झाला.

खरं म्हणजे महाविद्यालयाच्या सुरुवातीच्या वर्षांतच जीवरसायनशास्त्राच्या तासाला डीएनएच्या दुहेरी गोफाबद्दल ऐकून त्यांनी संशोधनात जायचं मनाशी ठरवलं होतं. पण आधी काही काळ डॉक्टरकी कर, मग काय ते ठरव, असा सल्ला प्राध्यापकांनी दिला. हा सल्ला त्यांनी मानला. आपल्याच भागातल्या खेड्यात जाऊन ते दीडेक वर्षं रोगी तपासत राहिले. ज्या मुलखात डॉक्टरच दुर्मीळ, तिथे एक शिकलेला, गावचाच डॉक्टर म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. ते सोडून जिवाणूंवर अतिनील किरण टाकत बसायला परदेशी जायचं, हा निर्णय आजही कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. मला स्वतःला असं वाटतं की, त्या गावाचं त्या दिवशी नुकसानच झालं. ते नाकारण्यात अर्थ नाही. त्या बदल्यात जगाला काय मिळालं, ते कळायला बरीच वर्षं जावी लागली.

परदेशातला पहिला प्रयत्न फसला. शिष्यवृत्ती मिळवून ते १९७१ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले. इंग्रजी कच्चं, ओळखीचं कुणी नाही, मन रमेना. परत आले. पण डोक्यातला किडा गेला नव्हता. तो किडा कोणता, हे सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९४९ सालची गोष्ट आहे. न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील प्रयोगशाळेत आल्बर्ट केलनर नावाचे शास्त्रज्ञ स्ट्रेप्टोमायसीस या सूक्ष्मजीवावर अतिनील किरणांचा मारा करत होते. हे किरण मारक. मात्रा ठरवून दिली की किती जगतील, किती मरतील याचा हिशेब जुळायला हवा. पण तो काही केल्या जुळत नव्हता. एका वेळी जवळजवळ सगळे मरत, तर दुसऱ्या वेळी तीच मात्रा देऊन भरपूर वाचत. तापमानामुळे फरक पडतो का, हे त्यांनी तपासून पाहिलं. शेवटी लक्षात आलं की काही बाटल्या खिडकीच्या उजेडात ठेवलेल्या असायच्या. किरणांनी मेल्यात जमा झालेले जीव साध्या दिवसाच्या उजेडात पुन्हा उभे राहत होते. एक उजेड मारतो आणि दुसरा उजेड वाचवतो! पुढे १९५८ मध्ये क्लॉड रूपर्ट यांनी दाखवलं की, यामागे पेशीतलं एक विकर, म्हणजे एन्झाइम आहे. ते उजेड वापरून डीएनए दुरुस्त करतं. त्याला फोटोलायेज म्हणतात. दुरुस्तीचं काम करणारं सापडलेलं हे पहिलं प्रथिन.

इथे डीएनएला होते ती इजा म्हणजे काय, तेही सांगून टाकतो. डीएनएची भाषा चार अक्षरांची आहे: ए, टी, जी आणि सी. ही अक्षरं दोन धाग्यांवर समोरासमोर, जोडीनं लिहिलेली असतात. एकाच धाग्यावर दोन 'टी' शेजारी शेजारी आले आणि त्यांच्यावर अतिनील किरण पडला, तर ते एकमेकांना चिकटून बसतात. वहीची दोन पानं खळ सांडून चिकटावीत, तसं. वाचणारी यंत्रणा तिथे अडते किंवा चुकीचं वाचते. चुकीचं वाचलेलं तसंच पुढच्या पेशीत उतरलं की त्याला उत्परिवर्तन म्हणायचं. अशी काही उत्परिवर्तनं नेमक्या नको त्या जागी साचली, तर कर्करोग.

रूपर्ट तोवर टेक्सासमध्ये डॅलसच्या विद्यापीठात गेले होते. सान्जार यांनी त्यांना गाठलं आणि त्यांचे विद्यार्थी झाले. अडचण अशी होती की जिवाणूच्या एका पेशीत या फोटोलायेजचे रेणू जेमतेम दहा-वीस असतात. एवढ्याशा मालावर प्रयोग कसा करणार? सान्जार यांनी ठरवलं की हे प्रथिन तयार करणारं जनुकच पकडायचं आणि जिवाणूकडून ते भरपूर तयार करून घ्यायचं. आज जनुक वेगळं काढणं हे पदव्युत्तर वर्गातल्या मुलांना जमतं. त्या काळी हे तंत्र नुकतंच कुठे रांगू लागलं होतं. ज्यांच्यात फोटोलायेज नाही असे जिवाणू त्यांनी घेतले, त्यांच्यात डीएनएचे निरनिराळे तुकडे घातले, वर अतिनील किरणांचा मारा केला आणि मग उजेड दाखवला. ज्याच्या वाट्याला योग्य तुकडा आला असेल, तोच जगणार. हे पुनःपुन्हा केलं. १९७६ मध्ये जनुक हाती लागलं आणि १९७७ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

एवढं केल्यावर पुढची वाट मोकळी झाली असेल असं वाटतं ना? पुढच्या संशोधनासाठी त्यांनी तीन प्रयोगशाळांकडे अर्ज केले. तिन्हींनी नकार दिला. शेवटी येल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात डीन रूप यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी तंत्रज्ञाची नोकरी पत्करली. वर्गात पहिला आलेला डॉक्टर, त्यावर पीएच.डी., आणि हुद्दा प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाचा. डीएनए दुरुस्तीवर काम करायला मिळतंय ना, मग हुद्दा कोणता का असेना, असा त्यांचा हिशेब होता. त्या तंत्रज्ञाच्या खुर्चीवर बसून जे काम झालं त्याला पुढे नोबेल मिळालं, हे आपण आज मागे वळून सांगू शकतो. त्या वेळी कुणी तसं म्हटलं असतं तर लोक हसले असते. डॅलसला रूपर्ट यांच्याकडे त्यांच्याबरोबर ग्वेन बोल्स नावाची विद्यार्थिनी होती. त्या पुढे सान्जार यांच्या पत्नी झाल्या. त्याही जीवरसायनशास्त्रज्ञ. फोटोलायेजवर ग्वेन यांचं काम मोलाचं आहे. नवऱ्याच्या नोबेलच्या बातमीत बायकोचं संशोधन हरवून जातं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

येलमध्ये प्रश्न वेगळा होता. उजेडावर चालणारी दुरुस्ती ही एक तऱ्हा झाली. पण जिवाणू अंधारातही दुरुस्ती करतात, हे १९६४ मध्ये रिचर्ड सेटलो यांच्या आणि पॉल हॉवर्ड-फ्लँडर्स यांच्या गटांनी दाखवलं होतं. खराब भाग कापून टाकला जातो, एवढं त्यातून कळलं होतं. कापणारं कोण आणि कुठे कापतं, ते कळत नव्हतं. तीन जनुकं संशयित होती: यूव्हीआर-ए, बी आणि सी. या तिन्हींपैकी एक जरी बिघडलं तरी जिवाणू उन्हाला बळी पडत. पण त्यांची प्रथिनं कुणी पाहिली नव्हती. पेशीत हजारो प्रथिनं असतात, त्या गर्दीतून ही तीन वेगळी कशी ओळखायची?

यावर सान्जार यांनी काढलेली युक्ती मला फार आवडते. वर्गात मुलांना ती सांगितली की मागच्या बाकावरची मुलंही वर बघायची. जिवाणूचा मुख्य डीएनए मोठा असतो. त्याखेरीज प्लाझ्मिड नावाची डीएनएची लहानशी कडी त्यात घालता येते आणि आपल्याला हवं ते जनुक तिच्यावर बसवता येतं. सान्जार यांनी दुरुस्तीची यंत्रणाच मोडलेले जिवाणू घेतले आणि त्यांच्यावर अतिनील किरण टाकले. मोठ्या डीएनएवर किरण बसण्याची शक्यता मोठी. त्याचे तुकडे झाले आणि काही तासांत तो नाहीसा झाला. लहानशी कडी मात्र बऱ्याच पेशींत नेम चुकून शाबूत राहिली. आता ही पेशी फक्त त्या कडीवर लिहिलेली प्रथिनं बनवणार. मग तिला किरणोत्सर्गी अमिनो आम्ल खाऊ घालायचं. फिल्मवर जी रेघ उमटेल, ती नेमकी आपल्याला हव्या असलेल्या प्रथिनाची. सगळा बाजार उठवून एकच दुकान उघडं ठेवावं, तसा हा प्रकार. 'मॅक्सिसेल' या नावानं ही पद्धत १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी ती उचलली. ज्या किरणांनी होणारी इजा अभ्यासायची, तेच किरण त्यांनी असे हत्यार म्हणून वापरले.

१९८२ मध्ये ते नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात चॅपल हिलला प्राध्यापक झाले आणि १९८३ मध्ये रूप यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध आला. तिन्ही प्रथिनं शुद्ध करून परीक्षानळीत त्यांनी एकत्र आणली होती, त्यांच्यासमोर दुखावलेला डीएनए ठेवला होता आणि ती कापताना पाहिली होती. तोवर सर्वांची समजूत अशी की इजेच्या शेजारी एक छेद घेतला जात असावा. प्रत्यक्षात ही प्रथिनं दोन छेद घेतात, इजेच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक. मधला बारा-तेरा अक्षरांचा तुकडा निघून येतो. मग समोरच्या शाबूत धाग्यावरून वाचून दुसरं विकर नवी अक्षरं भरतं आणि आणखी एक विकर टोकं सांधतं. रस्त्यावरचा खड्डा बुजवताना चांगला कंत्राटदार आधी आजूबाजूचं डांबर चौकोनी कापून काढतो, मग भरतो. (चांगला कंत्राटदार, असं मी म्हटलं आहे.)

या तिघांतल्या 'ए' प्रथिनाची वागणूक मोठी मजेची आहे. ते इजा झालेली जागा हेरतं, 'बी' प्रथिनाला हाताला धरून तिथे आणतं, डीएनएवर बसवून देतं आणि स्वतः निघून जातं. कापाकापीत त्याचा सहभाग नाही. अशा प्रथिनांना सान्जार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लग्न जुळवणाऱ्याची उपमा दिली. आपल्याकडचे मध्यस्थ निदान पंगतीला थांबतात, हे महाशय अक्षता पडायच्या आतच दुसऱ्या घरी गेलेले असतात!

जिवाणूंचं झालं. माणसाचं काय? इथे प्रकरण एकदम अवघड होतं. माणसात हेच काम करायला तीन प्रथिनं पुरत नाहीत, पंधरा-सोळा लागतात. शिवाय गमतीची गोष्ट अशी की, जिवाणूंची ती तीन प्रथिनं आणि आपली ही पंधरा-सोळा यांचं रचनेत काही नातं नाही. निसर्गानं तीच युक्ती दोनदा, वेगवेगळ्या सामानातून जुळवली आहे. १९९२ मध्ये सान्जार यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं की, मानवी पेशीही दोन्ही बाजूंनी कापतात, फक्त तुकडा मोठा असतो, साधारण २७ ते २९ अक्षरांचा. १९९५ मध्ये शुद्ध केलेली मानवी प्रथिनं एकत्र करून ही दुरुस्ती परीक्षानळीत घडवून आणण्यात यश आलं. इंग्लंडमध्ये क्लेअर हॉल येथील प्रयोगशाळेत रिचर्ड वुड यांचा गटही त्याच वर्षी तिथवर पोचला. त्या संस्थेचे तेव्हाचे संचालक होते टोमास लिंडाल, म्हणजे नोबेलमधले दुसरे मानकरी.

लिंडाल यांच्याबद्दल दोन शब्द. डीएनए हा इतका पक्का रेणू आहे की त्याला काही होत नाही, असं पूर्वी मानलं जाई. लिंडाल यांनी मोजून दाखवलं की ऊन नाही, विष नाही, काही नाही, तरी नुसत्या पेशीतल्या पाण्यानं आणि शरीराच्या उष्णतेनं एकेका पेशीतली काही हजार अक्षरं रोज गळून पडतात. म्हणजे दुरुस्ती असलीच पाहिजे. १९७४ मध्ये त्यांनी त्यातलं एक विकर शोधूनही काढलं. तिसरे मानकरी मॉड्रिच यांनी अभ्यासल्या त्या नकला करतानाच्या चुका, म्हणजे पेशी दुभंगताना 'ए'समोर 'टी'ऐवजी भलतंच अक्षर लिहिलं गेलं तर ते कसं सुधारलं जातं. मॉड्रिच यांचं ड्यूक विद्यापीठ आणि सान्जार यांचं चॅपल हिल ही शेजारशेजारची गावं आहेत. बास्केटबॉलमध्ये या दोन विद्यापीठांचं हाडवैर सगळ्या अमेरिकेत प्रसिद्ध आहे.

आता या सगळ्याचा माणसाच्या दुखण्याशी संबंध. झेरोडर्मा पिगमेंटोसम नावाचा एक जन्मजात आजार आहे. व्हिएन्नाच्या त्वचारोगतज्ज्ञांनी १८७०च्या दशकात त्याचं वर्णन केलं. या आजाराच्या मुलाला काही मिनिटं उन्हात ठेवलं तरी कातडी भाजल्यासारखी होते, लहान वयातच चेहऱ्यावर काळे ठिपके येतात, डोळे जातात, आणि शाळकरी वयात त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. इतरांच्या तुलनेत हा धोका हजारो पटींनी जास्त. काहींमध्ये ऐकू येणं आणि चालणंही हळूहळू बिघडतं. जवळजवळ शंभर वर्षं याचं कारण कुणाला माहीत नव्हतं. १९६८ मध्ये कॅलिफोर्नियात जेम्स क्लीव्हर यांनी दाखवलं की, या रोग्यांच्या पेशी उन्हानं बिघडलेला डीएनए दुरुस्त करू शकत नाहीत. कोणत्या रोग्यात कोणतं प्रथिन बिघडलंय यावरून या आजाराचे 'ए' ते 'जी' असे सात प्रकार आणि वर एक निराळा प्रकार मानला जातो. सान्जार यांनी परीक्षानळीत जी प्रथिनं एकत्र केली, त्यांतली बरीचशी हीच. तेव्हा प्रत्येक प्रथिनाचं काम कळणं म्हणजे एकेका मुलाच्या दुखण्याचं मूळ कळणं होतं.

आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडूनही बिघडलेलं जनुक आलं तरच हा आजार होतो. त्यामुळे जवळच्या नात्यात लग्नं होतात तिथे अशा दुर्मीळ आजारांची शक्यता वाढते. पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेत हा आजार तुलनेनं जास्त दिसतो, त्याचं हे एक कारण. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडेही अनेक घरांत आहे, म्हणून हे कानावर असलेलं बरं. घाबरवण्यासाठी सांगत नाही. नात्यात लग्न ठरत असेल आणि घराण्यात असं काही असेल तर जनुकतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, एवढंच.

आजार कळला, प्रथिनं कळली, मग औषध निघालं का? नाही. हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. या मुलांना आजही मुख्यतः उन्हापासून जपणं एवढाच उपाय आहे. खिडक्यांना किरण अडवणारा कागद, बाहेर पडताना चेहरा झाकणारा मुखवटा, हातमोजे, खेळायला रात्र. कातडीवर गाठ दिसली की लगेच काढून टाकायची. पोटात असतानाच निदान करता येतं, ही मात्र या संशोधनाची देणगी आहे. ज्ञान आणि इलाज यांच्यातलं अंतर किती असू शकतं, ते पाहायचं असेल तर या आजाराकडे पाहावं.

उलट, जिथे कुणाच्या डोक्यातही नव्हतं तिथे या ज्ञानाचा उपयोग झाला. कर्करोगावर सिसप्लॅटिन नावाचं औषध देतात. आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांतही ते रोज वापरलं जातं. हे औषध गाठीतल्या पेशींच्या डीएनएला मुद्दाम इजा करतं. इथे पंचाईत अशी की, ऊन लागल्यावर जी प्रथिनं आपल्याला वाचवतात, तीच कर्करोगाच्या पेशीलाही वाचवायला धावतात. त्यांना आपलं-परकं कळत नाही. ज्या गाठीत दुरुस्ती जोरात, तिथे औषध कमी चालतं. त्यामुळे दुरुस्ती कशी चालते हे कळणं कर्करोगाच्या डॉक्टरलाही गरजेचं झालं. स्तनाच्या आणि बीजकोशाच्या काही कर्करोगांत आता दुरुस्ती अडवणारी औषधंच दिली जातात. गाठीची एक दुरुस्ती आधीच मोडलेली असते, औषधानं दुसरी मोडली की पेशी तग धरत नाही.

सान्जार मूळच्या फोटोलायेजला मात्र विसरले नव्हते. नवे विषय येत-जात होते, हे प्रथिन कायम राहिलं. शुद्ध केल्यावर ते निळं दिसलं. ते निळा प्रकाश शोषतं, एक इलेक्ट्रॉन त्या चिकटलेल्या अक्षरांना उसना देतं, चिकटलेली गाठ सुटते आणि इलेक्ट्रॉन परत येतो. हे सगळं एका सेकंदाच्या एक अब्जांश भागापेक्षाही कमी वेळात होतं. विद्यार्थी असताना हातात घेतलेलं कोडं, आणि ते उकलायला जवळपास तीस वर्षं लागली. वनस्पतींत, माशांत, बेडकांत, अगदी कांगारूतसुद्धा हे प्रथिन आहे. आपल्यात नाही. माणसात ते नाही, हे सान्जार यांनीच १९९३ मध्ये प्रसिद्ध केलं. दोनेक वर्षांत मानवी जनुकांच्या यादीत फोटोलायेजसारखं दिसणारं जनुक सापडलं! पण त्याचं प्रथिन दुरुस्ती करत नव्हतं. मग करतं तरी काय? तुर्कस्तानहून परतताना विमानात ठेवलेल्या मासिकात त्यांनी लांबच्या प्रवासानं झोप कशी बिघडते यावरचा लेख वाचला, शरीरातल्या घड्याळाबद्दल. आणि त्यांना वाटलं, हे प्रथिन त्या घड्याळाचा भाग तर नसेल? १९९८ पासूनच्या प्रयोगांनी तो अंदाज खरा ठरवला. क्रिप्टोक्रोम हे त्याचं नाव. आपल्या पेशींतलं दिवसरात्रीचं घड्याळ चालवणाऱ्या प्रमुख प्रथिनांत ते आहे. उन्हाची इजा दुरुस्त करणाऱ्याच्या घराण्यातलं एक प्रथिन आपल्याकडे वेळ सांभाळायला बसलं आहे.

हे घड्याळ दुरुस्तीवरही हुकमत चालवतं. उंदरांमध्ये दुरुस्तीचं एक महत्त्वाचं प्रथिन दिवसातून चढतं-उतरतं. २०११ मध्ये सान्जार यांच्या गटानं काही उंदरांना पहाटे चार वाजता आणि काहींना दुपारी चार वाजता अतिनील किरण दिले. मात्रा तीच, पण पहाटेच्या उंदरांत त्वचेचे कर्करोग कितीतरी जास्त झाले. उंदीर निशाचर, त्यामुळे माणसात चित्र उलटं असावं असा अंदाज आहे. पण तो अंदाजच आहे, हे ध्यानात ठेवा. माझं ऐकून कुणी उन्हात जायच्या वेळा बदलू नका. सिसप्लॅटिन कोणत्या वेळी द्यावं म्हणजे गाठ मरेल आणि मूत्रपिंड वाचेल, याही दिशेनं उंदरांवर काम झालं आहे.

आपल्याकडेही या विषयावर काम चालतं. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डायनोकॉकस नावाच्या जिवाणूचा अभ्यास अनेक वर्षं चालू आहे. माणसाला मारायला पुरेशा होणाऱ्या किरणोत्सर्गाच्या हजारपट मारा त्याला सोसतो. त्याच्या डीएनएच्या चिंधड्या होतात आणि काही तासांत तो त्या पुन्हा शिवून घेतो.

२०१५ च्या ७ ऑक्टोबरला पहाटे चॅपल हिलच्या घरी फोन वाजला. तो ग्वेन यांनी उचलला आणि नवऱ्याला उठवलं. नोबेल तिघांपेक्षा जास्त जणांना देत नाहीत. त्यामुळे फिलिप हॅनावॉल्ट यांच्यासारखी माणसं बाहेर राहिली, याची हळहळ अनेकांना वाटली. मलाही वाटते. सेटलो तर त्याच वर्षी वारले होते. सान्जार यांनी पुढच्या वर्षी, १९ मे २०१६ रोजी, आपलं नोबेल पदक अंकाराला केमाल अतातुर्क यांच्या समाधिस्थळी देऊन टाकलं. निरक्षर आईबापांच्या मुलाला शिकता आलं ते प्रजासत्ताकातल्या शिक्षणामुळे, अशी त्यामागची त्यांची भावना.

पारितोषिक जाहीर होण्याच्या काही महिने आधी त्यांच्या प्रयोगशाळेनं एक नवं तंत्र प्रसिद्ध केलं होतं. दुरुस्तीत कापून निघणारे ते २७-२८ अक्षरांचे तुकडे पेशीच्या दृष्टीनं कचरा. तो कचरा गोळा करायचा, प्रत्येक तुकडा वाचायचा आणि तो मानवी डीएनएच्या कोणत्या पत्त्यावरून निघाला हे शोधायचं. त्यातून एक नकाशा तयार होतो. ऊन लागल्यावर कोणत्या जागी दुरुस्तीचं पथक पहिल्या तासात पोचलं, कोणत्या जागी दुसऱ्या दिवशी. पेशी जी जनुकं सतत वाचत असते, तिथे काम लवकर होतं. घट्ट गुंडाळून ठेवलेल्या, क्वचित उघडल्या जाणाऱ्या भागांत दोन दिवस उलटले तरी ते चालूच असतं. त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगाच्या गाठींमधली उत्परिवर्तनं या नकाशावर मांडून पाहिली, तेव्हा ती जिथे पथक उशिरा पोचतं त्याच भागांत दाटून आलेली दिसली.